पुढच्या पाळीला कळलं का?

४ जुलै २०१३. ऑक्सफर्डमधल्या स्लेड हाउस या सरकारी केंद्रात कॉनर स्पॅरोहॉक नावाचा अठरा वर्षांचा मुलगा सकाळी टबात आंघोळीला बसला. तो एकटाच होता. पाण्यात असताना त्याला आकडी आली आणि तो बुडाला. केंद्रात येऊन त्याला १०७ दिवस झाले होते. तिथं मोजकेच रुग्ण होते, आणि त्यांच्या देखभालीला परिचारिका होत्या, डॉक्टर होते. अपुरी जागा, अपुरी माणसं, अपुरे पैसे ही कारणं आपण नेहमी ऐकतो, त्यातलं एकही इथं पुरेसं नाही.

कॉनरला स्वमग्नता होती, बौद्धिक अक्षमता होती आणि अपस्मारही होता. बस, मालमोटारी आणि लंडन शहर हे त्याच्या जिव्हाळ्याचे विषय. त्याची आई सारा रायन स्वतः संशोधक. मे महिन्यात कॉनरची जीभ चावली गेल्याचं तिच्या लक्षात आलं. आकडीच्या घरात वावरलेल्या कुणालाही ही खूण ओळखता येते. तिनं केंद्राला कळवलं. केंद्रानं ती आकडी मानली नाही. आंघोळीच्या वेळी दर पंधरा मिनिटांनी डोकावायचं, अशी पद्धत चालू राहिली. आकडी आलेला माणूस पाण्यात बुडायला काही मिनिटं पुरतात. पंधरा मिनिटांचा हा आकडा कॉनरच्या आजाराकडे बघून ठरवलेला असूच शकत नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. हा मृत्यू टाळता आला असता, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कॉनरच्या अपस्मारासाठी सर्वंकष काळजी आराखडा नव्हता आणि त्याच्या जोखमींचा विचार करताना अपस्मार धरलेलाच नव्हता, हेही त्यात होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये मृत्यूच्या न्यायिक चौकशीतल्या पंचांनी निष्काळजीपणा हे मृत्यूचं एक कारण असल्याचा निर्णय दिला. याच चौकशीच्या काळात आणखी एक गोष्ट उघड झाली. त्याच टबात २००६ मध्ये एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१२ मध्ये, केंद्राचा कारभार जुन्या संस्थेकडून सदर्न हेल्थ या दुसऱ्या संस्थेकडे गेला होता. इमारत तीच राहिली, टबही तोच राहिला. आठवण मात्र पुढे आली नाही.

या लेखात दोन कागदांबद्दल लिहायचं आहे. पहिला म्हणजे काळजीचा आराखडा: या माणसाला काय लागतं, काय झेपत नाही, कशाची भीती आहे, कुठली लक्षणं दिसली की काय करायचं. दुसरा म्हणजे घटनेची नोंद: पडला, भाजला, घास अडकला, आकडी आली, कुणी मारलं, औषध चुकलं. जगभरच्या निवासी संस्थांमध्ये हे दोन्ही कागद या ना त्या रूपात असतात. घटनेच्या नोंदीतून आराखडा बदलला का, आणि बदललेला आराखडा पुढच्या पाळीवर येणाऱ्या माणसापर्यंत पोचला का, एवढ्याच जागी सगळं अडतं. बोलू न शकणाऱ्या माणसाचा जीव या दोन कागदांमधल्या वाटेवर अवलंबून असतो. कॉनरची चावलेली जीभ ही घटना होती. त्या दिवशी आराखडा बदलायला हवा होता.

आपल्याकडे हे काम आई करते. कुठेही लिहून न ठेवता करते. मुलगा जेवताना मान डावीकडे वळवायला लागला की दाढ दुखतेय, हे तिला कळतं. दोन दिवस पोट साफ नाही म्हणून आज तो चिडचिड करतोय, हे तिला शेजारच्या खोलीतून आवाजावरून कळतं. ताप आला की आकडी येऊ शकते, म्हणून पावसाळ्यात ती रात्री दोनदा उठून अंगाला हात लावून बघते. ‘आमच्या पश्चात याचं कसं होणार?’ हा प्रश्न बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांच्या कुठल्याही बैठकीत ऐकू येतो. त्यात पैशाची काळजी असते, छपराची असते. पण त्याखाली एक भीती असते, ती बोलून दाखवायला अवघड. हे जे सगळं मला ठाऊक आहे, ते माझ्याबरोबर जाणार आहे.

याच भीतीतून महाराष्ट्रात पालकांनी स्वतः घरं उभी केली. डोंबिवलीजवळ खोणीचं ‘घरकुल’ हे अमेय पालक संघटनेनं उभं केलेलं. पुणे जिल्ह्यात कोळवणच्या ‘साधना व्हिलेज’मध्ये प्रौढ माणसं कुटुंबासारखी एकत्र राहतात. अशा घरांमागे फार मोठी माया आणि कष्ट आहेत, त्याबद्दल मनात आदरच आहे. मायेच्या माणसालाही रात्री झोप लागते, रजा लागते, निवृत्तीही येते. मग दुसऱ्या माणसाला काय सांगून जायचं, हा प्रश्न चांगल्या घरातही उरतोच. उलट तिथं तो जास्त जपून सोडवावा लागतो, कारण ‘आमच्या ताईंना सगळं माहीत आहे’ या विश्वासावर सगळे निर्धास्त असतात.

विश्वासावर चाललेलं घर बदललं की काय होतं, याचं एक उदाहरण इंग्लंडच्या सफक भागात, लोवेस्टॉफ्टमध्ये घडलं. रिचर्ड हँडली हे ३३ वर्षांचे गृहस्थ, डाउन सिंड्रोम असलेले. त्यांना जन्मभर बद्धकोष्ठतेचा त्रास. ते ज्या निवासी गृहात राहत, तिथं त्यांचं खाणं आणि पोट साफ होणं यावर नीट लक्ष असे. २०१० मध्ये त्या घराचा दर्जा बदलला. निवासी काळजीगृहाऐवजी ते ‘आधारासह स्वतंत्र राहण्याचं’ ठिकाण झालं. हेतू चांगलाच होता: माणसाला स्वतःच्या आयुष्याचे निर्णय घेता यावेत. पण या बदलात पोटावरची देखरेख सुटत गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पोट फुगलेल्या अवस्थेत त्यांना इप्सविचच्या रुग्णालयात नेलं. शस्त्रक्रिया करून सुमारे दहा किलो मळ काढावा लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. मृत्यूची न्यायिक चौकशी पूर्ण व्हायला २०१८ उजाडलं. गंभीर स्वरूपाच्या चुका झाल्याचं तिथं नोंदवलं गेलं.

बद्धकोष्ठतेनं माणूस मरतो, हे वाचताना अनेकांना पटणार नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये हा त्रास फार आढळतो. हालचाल कमी, पाणी पिणं दुसऱ्याच्या हातात, त्यात मनोविकारांची आणि आकडीची औषधं आतड्याची गती मंद करणारी. ‘पोटात दुखतंय’ हे सांगता येत नाही, म्हणून तो डोकं भिंतीवर आपटतो. ते वागणं म्हणून नोंदलं जातं, वागण्यासाठी औषध वाढतं, आणि त्या औषधानं पोट आणखी घट्ट होतं. हे चक्र तोडायला लागते ती एक साधी तक्ता-वही: तारीख, झाली की नाही, कशी झाली. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी तयार केलेला सात प्रकारच्या चित्रांचा तक्ता त्यासाठी जगभर वापरतात. अक्षर न येणाऱ्या मावशीलाही चित्रावर बोट ठेवता येतं. तिसरा दिवस कोरा गेला की काय द्यायचं आणि चौथ्या दिवशी कुणाला फोन करायचा, हे त्याच पानावर हवं.

कोऱ्या रकान्यापेक्षा घातक नोंद कुठली असेल तर ती ‘ठीक आहे’. जेवला, झोपला, ठीक आहे. निवासी संस्थेच्या दैनंदिन वहीत ही वाक्यं पानामागून पान उतरत जातात, कारण पाळी संपताना पाय दुखत असतात, बस पकडायची असते आणि वही कुणी वाचेल अशी आशा नसते. लिहिणाऱ्याला दोष देण्याआधी हे बघावं लागेल, की त्यानं मागे कधी काही वेगळं लिहिलं होतं तेव्हा काय झालं. काहीच झालं नसेल तर त्यानं शहाणपणानंच लिहिणं सोडलं.

लिहिलं गेलं म्हणजे काम झालं, असंही नाही. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी २४ खाटा होत्या. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी तिजोरीतून जात. टेरी ब्रायन या वरिष्ठ परिचारकानं तिथले अत्याचार बघून व्यवस्थापनाला कळवलं, देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगालाही कळवलं. दाद लागली नाही. मग बीबीसीचा एक पत्रकार कर्मचारी म्हणून आत शिरला आणि ३१ मे २०११ रोजी ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात देशानं ते बघितलं: मारहाण, खुर्चीखाली दाबून ठेवणं, कपड्यांसह थंड पाण्यात घालणं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अकरा जणांना शिक्षा झाली, त्यातल्या सहा जणांना तुरुंगवास.

नंतरच्या सविस्तर चौकशीनं समोर आणलेली गोष्ट मला चित्रफितीइतकीच अस्वस्थ करते. तिथं नोंदी होत्या. रुग्णाला बळानं धरून ठेवल्याच्या २०१० या एका वर्षात ३७९ नोंदी, २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत आणखी १२९. म्हणजे पंधरा महिन्यांत पाचशेहून जास्त वेळा, २४ खाटांच्या जागेत. रुग्णांना सत्तरहून अधिक वेळा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेलं गेलं होतं. स्थानिक प्रशासनाकडे संरक्षणाच्या चाळीस सूचना गेल्या होत्या, पोलिसांकडेही प्रकरणं गेली होती. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरनं समोरची जखम शिवली. पोलिसांनी समोरची तक्रार निकालात काढली. प्रशासनानं प्रत्येक सूचना वेगळी फाइल केली. सगळ्यांची बेरीज करणं कुणाचंच काम नव्हतं.

बेरीज करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. महिन्याच्या शेवटी एका माणसानं सगळ्या घटना समोर घेऊन बसायचं आणि बघायचं: कुठल्या वेळेला जास्त होतात? कुठल्या खोलीत? कोण पाळीवर असताना? कुणाच्या बाबतीत वरचेवर? संध्याकाळी सातच्या सुमाराला तीन वेगवेगळ्या मुली पडल्या असतील, तर तिघींचे पाय एकदम अधू झालेले नाहीत. स्वयंपाकघरात मदतीला गेल्यामुळे त्या वेळी व्हरांड्यात कुणी नसतं, किंवा तिथला दिवा गेलेला आहे. तिघींच्या आराखड्यात ‘तोल जातो’ असं लिहिण्यापेक्षा आधी दिवा लावावा.

ऑस्ट्रेलियानं याबाबत कायद्यानं फार स्पष्ट वेळा ठरवल्या. १ जुलै २०१८ पासून काम करू लागलेल्या तिथल्या राष्ट्रीय आयोगाकडे मृत्यू, गंभीर इजा, अत्याचार किंवा दुर्लक्ष, लैंगिक गैरवर्तन अशा घटना संस्थेनं २४ तासांत कळवायच्या असतात. परवानगीविना केलेलं बंधन, म्हणजे बांधणं, कोंडणं किंवा गुंगीचं औषध देऊन शांत करणं, पाच कामकाजाच्या दिवसांत कळवायचं. शिक्षणासाठी गेलेली आपली कितीतरी मराठी मुलंमुली मेलबर्न-सिडनीत अशा घरांमध्ये पाळ्या करतात आणि घटनेचा अर्ज भरायला पहिल्याच आठवड्यात शिकतात. आता परिणाम बघा. २०२०-२१ या एका वर्षात आयोगाकडे परवानगीविना बंधनाच्या दहा लाखांहून अधिक नोंदी आल्या. आकडा छाती दडपवणारा आहे, पण तो कसा झाला हे समजून घेतलं पाहिजे. एखाद्या माणसाच्या वर्तनासाठीचा मान्यताप्राप्त आराखडा तयार नसेल, तर त्याला दिलेली गुंगीच्या औषधाची प्रत्येक गोळी ही वेगळी घटना धरली जाते. रोज दोन गोळ्या, म्हणजे वर्षाला सातशेवर घटना, एकाच माणसाच्या. आणि आराखडे लिहिणारे तज्ज्ञ अपुरे. एक आराखडा वेळेवर झाला नाही, की घटनांचा ढीग लागतो, आणि त्या ढिगात खरोखरची इजा शोधणं अवघड होतं.

तरीही मला ऑस्ट्रेलियाची पद्धत आपल्यापेक्षा बरी वाटते. दहा लाख नोंदी समोर आल्या म्हणून तिथल्या संसदेत, वर्तमानपत्रांत प्रश्न विचारले गेले. अपंगांवरच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या वेगळ्या शाही आयोगानं सप्टेंबर २०२३ मध्ये बारा खंडांचा अहवाल आणि २२२ शिफारशी दिल्या. मोजलं, म्हणून विचारता आलं.

महाराष्ट्रातल्या मोठ्या घटना अशा मोजणीतून बाहेर आलेल्या नाहीत. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या संस्थेतल्या मुलांची उपासमार, मृत्यू आणि अत्याचार वर्तमानपत्रात आले आणि ती बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या खटल्याच्या निमित्तानं संस्थांची पाहणी सुरू झाली आणि २०११ मध्ये नवी मुंबईत कळंबोलीच्या एका संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार पुढे आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरवलं. त्याआधी, १९९४ मध्ये, शिरूरच्या सरकारी गृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रियेनं काढली गेली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. मासिक पाळीची स्वच्छता राखणं अवघड जातं, हे कारण दिलं गेलं. मुलीला पाळीत काय मदत लागते, कोण करेल, कशी शिकवता येईल, हा काळजीच्या आराखड्याचा भाग. तो कागद लिहायचा सोडून अवयवच काढला गेला. दिल्लीच्या रोहिणी भागातल्या ‘आशा किरण’ या सरकारी गृहात जुलै २०२४ या एकाच महिन्यात चौदा रहिवासी गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा उच्च न्यायालयाला पाण्याची तपासणी करायला आणि गर्दी कमी करायला सांगावं लागलं.

कायदा काय म्हणतो? बरंच म्हणतो, पण नेमक्या ठिकाणी गप्प राहतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार नोंदणीशिवाय कुणाला अशी संस्था चालवता येत नाही. कलम ७ नुसार अत्याचाराची शंका आलेली कुणीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. पण कळवू ‘शकते’, कळवलंच पाहिजे असं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबाबत पॉक्सो कायद्यानं कळवणं सक्तीचं आहे, आणि संस्थाप्रमुखानं लपवलं तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तीच मुलगी एकोणीस वर्षांची झाली, बुद्धीनं आणि असहायतेनं होती तिथंच राहिली, तरी पॉक्सोची ही ढाल तिच्या अंगावरून निघून जाते.

आणखी एक फट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तमिळनाडूत एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्या लाजेचा काही भाग २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उतरला. साखळदंडाला बंदी आली. रुग्णाला शारीरिक बंधन घालायचं तर मनोविकारतज्ज्ञाची परवानगी, कारणाची लेखी नोंद, चोवीस तासांत नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवणं आणि दर महिन्याला मानसिक आरोग्य आढावा मंडळाकडे सगळ्या बंधनांचा अहवाल, इतकी काटेकोर तरतूद झाली. पण त्या कायद्याच्या व्याख्येनंच बौद्धिक अक्षमता बाहेर ठेवली आहे. त्यामागे योग्य विचार होता, बौद्धिक अक्षमता हा मनोविकार नव्हे. परिणाम मात्र असा, की मनोरुग्णालयात कुणाचा हात बांधला तर त्याचा महिन्याला हिशेब द्यावा लागतो, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला निवासी गृहात ओढणीनं खिडकीच्या गजाला बांधलं तर असा हिशेब मागणारा रकाना या कायद्यात नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालकत्वाची व्यवस्था आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो. अनेक मराठी पालकांनी हे प्रमाणपत्र काढून घेतलेलं आहे, आणि ते घ्यावंच. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत पालकानं मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत तिचा हिशेब सादर करायचा, असं कलम १६ सांगतं. पैशाचा हिशेब मागितला जावा, हे बरोबरच आहे. त्याच अर्जाला एक पान जोडून वजन किती होतं, किती झालं, आकड्या किती आल्या, दात शेवटचे कधी तपासले, कुठली औषधं बदलली, हेही विचारता येईल. जमिनीचा तुकडा वर्षभरात कमी झाला तर कागदावर दिसतो, माणूस वर्षभरात दहा किलोनं खंगला तर तेही दिसायला हवं.

आराखडा ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे, असं कुणी म्हणू नये. विशेष शाळांमध्ये प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बनवायची शिस्त जुनी आहे. १९७५ च्या सुमारास मद्रासमध्ये तयार झालेली मोजणीची पद्धत, अठरा क्षेत्रं आणि प्रत्येकात वीस कौशल्यं, विशेष शिक्षकांना तोंडपाठ असते. बटण लावणं, रस्ता ओलांडणं, पैसे मोजणं, काय जमतं आणि सत्राच्या शेवटी काय जमायला हवं, हे शिक्षिका मनापासून लिहितात. पण ही पद्धत शिकण्यासाठी आहे. शाळा सुटली, मुलगा प्रौढ झाला, निवासी गृहात गेला, की शिकण्याचा आराखडा संपतो आणि जगण्याचा सुरू होत नाही. शाळेतली फाइलही पुष्कळदा शाळेतच राहते.

परदेशी नमुना जसाच्या तसा उचलून हे काम होणार नाही. कॉनरचा जीव टबात गेला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बादली आणि तांब्या असतो. इथं आंघोळीतली जोखीम म्हणजे गीझरचं किंवा बंबाचं कढत पाणी, शेवाळलेली फरशी, आतून लागणारी कडी. इंग्रजी आराखड्यात पावाच्या तुकड्यानं घास अडकतो. इथं चुरमुरे, शेंगदाणे, कोरडी भाकरी आणि सणाच्या दिवशी कुणी प्रेमानं तोंडात घातलेला पेढा यांच्याकडे बघावं लागेल. संस्थेला भेट द्यायला येणारे दानशूर लोक वाढदिवसाला खाऊ वाटतात. ज्याला गिळायला त्रास आहे, त्याच्या ताटाजवळ त्याचं चित्र आणि ‘भात मऊ, डाळीत कालवून, बसवून, लहान चमच्यानं’ एवढं लिहिलेलं असलं, तर पाहुण्यालाही हात आवरता येईल.

आकडीचंच घ्या. आकडी सुरू झाल्याची वेळ घड्याळात बघून लिहिणं ही सगळ्यात महत्त्वाची नोंद, आणि घाबरलेल्या माणसाकडून नेमकी तीच राहते. पाच मिनिटांवर गेली तर ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. नाकात फवारायचं मिडाझोलाम आपल्याकडे मिळतं. ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे का, कुठल्या कपाटात आहे, किल्ली कुणाकडे, रात्रपाळीच्या मावशीला ते द्यायला शिकवलं आहे का, मुदत संपली आहे का, ही पाच उत्तरं म्हणजे त्या मुलाचा आकडीचा आराखडा. वीस पानांची फाइल कार्यालयात कुलुपात असेल आणि ही पाच उत्तरं खोलीत नसतील, तर त्या मुलाला आराखडा नाही असंच धरावं. कांदा हुंगायला देणं आणि तोंडात चमचा घालणं अजूनही चालतं, म्हणून ‘तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं’ हेही मोठ्या अक्षरात हवं.

मग हे होत का नाही? पैशांची चणचण खरी आहे, माणसंही कमी आहेत. बारा-बारा तासांच्या पाळ्या, एकेका मावशीकडे कितीतरी मुलं, पगार तुटपुंजा. हे बदलल्याशिवाय नुसत्या वह्या वाढवणं हा त्या मावशीवरच अन्याय होईल. पण त्याखाली भीतीचा एक थर आहे. कुठल्याही संस्थेत काही घडलं की पहिला प्रश्न येतो, ‘पाळीवर कोण होतं?’ त्यामुळे मावशी लिहायला घाबरते, नोकरी जाईल म्हणून. अधीक्षक वर पाठवायला घाबरतात, अनुदान अडेल, बातमी होईल, देणगीदार दूर जातील म्हणून. आणि ज्यांनी सगळ्यात मोठ्यानं बोलायला हवं, ते पालक सगळ्यात जास्त घाबरतात. फार विचारलं तर ‘तुमच्या मुलाला घेऊन जा’ म्हणतील. दुसरी जागा नाही. सत्तरीतल्या आईच्या त्या गप्प राहण्याला कुणी संमती समजू नये.

म्हणून घटना लिहिणाऱ्याला संरक्षण हवं, लिहिल्याबद्दल शाबासकीही हवी. लपवणं हा गुन्हा, चुकणं हा नाही, हे संस्थेनं कर्मचाऱ्यांना नुसतं सांगून पुरणार नाही, एकदा तरी तसं वागून दाखवावं लागेल. थोडक्यात टळलेली घटनाही लिहिली जावी. कढत बादलीत हात घालण्याआधी कुणीतरी ओढून घेतलं, तर इजा शून्य, पण ती नोंद सोन्याची. पाळी बदलताना दहा मिनिटं उभं राहून बोलायचं, ‘आज कुणाचं काय वेगळं?’ एवढाच प्रश्न. मावशीला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं, दुसऱ्यानं लिहावं, मोबाइलवर बोलून ठेवावं. ज्याच्याबद्दल हे चाललं आहे, तो तिथं बसलेला असावा. त्याला शब्द नसतील, पण कुठल्या मावशीचं नाव घेतल्यावर तो आक्रसतो, हे बघणाऱ्याला दिसतं. अनेक अत्याचारांची पहिली नोंद तीच असते, आणि ती कुणी लिहीत नाही.

सदर्न हेल्थचं पुढे काय झालं, ते सांगितलं पाहिजे. कॉनरच्या घरच्यांनी आणि मित्रांनी १०७ दिवसांच्या नावानं मोहीम उघडली, रजया शिवल्या, ब्लॉग लिहिले, पत्रं पाठवली. त्यांच्या रेट्यामुळे संस्थेतल्या सगळ्याच मृत्यूंची तपासणी झाली. डिसेंबर २०१५ च्या अहवालानुसार एप्रिल २०११ ते मार्च २०१५ या चार वर्षांत तिथं १०,३०६ मृत्यू झाले. त्यातले ७२२ अनपेक्षित धरले गेले होते आणि चौकशी झाली फक्त २७२ मृत्यूंची. मानसिक आजार असलेल्या प्रौढांच्या मृत्यूंपैकी सुमारे ३० टक्क्यांची चौकशी झाली होती. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण १ टक्का. माणूस अपंग होता, गेला, यात विचारण्यासारखं काय, असं त्या संस्थेनं धरलं होतं. मार्च २०१८ मध्ये कॉनर आणि आणखी एका रुग्णाच्या मृत्यूबद्दल तिला २० लाख पौंड दंड झाला. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या मृत्यूंचा राष्ट्रीय पातळीवर आढावा घ्यायला २०१५ पासून सुरुवात झाली.

महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, तेव्हा देशभर त्याचं कौतुक झालं. त्या विभागाकडे मागणी करावी ती साधी आहे. नोंदणी असलेल्या प्रत्येक निवासी संस्थेनं रहिवाशाचा मृत्यू आणि गंभीर इजा चोवीस तासांत पुण्याच्या आयुक्तालयाला कळवावी, अनुदानित असो की विनाअनुदानित, मूल असो की प्रौढ. दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आयुक्तालयानं जिल्हावार आकडे जाहीर करावेत: किती माणसं राहत होती, किती गेली, वय काय होतं, कारण काय होतं, किती मृत्यूंची चौकशी झाली. आणि नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासनीसानं कार्यालयातली कपाटं उघडण्याआधी रात्रपाळीच्या मावशीला एका मुलाचं नाव घेऊन विचारावं, याच्या बाबतीत गेल्या महिन्यात काय बदललं.